हद्दीवरची जमीन आणि लाल दोऱ्याची पार्सलं

त्या खोलीत आम्ही चौघं होतो. आमचे मुलाझिम, म्हणजे बहारीनचे फौजदार साहेब. दारात एक बलुची शिपाई. समोर खुर्चीत ती, आणि बाजूला मी. तिला मी जैबुन म्हणते, खरं नाव सांगत नाही.

मी काय मोठी ऑफिसर नव्हते. नवरा वारला, पोरं लहान, माझी शाळा दुसरीपर्यंत. अरबी बोलता यायचं म्हणून पोलिसात बायकांच्या कोठडीवर लागले. झडती घ्यायची, पहारा करायचा, आपल्याकडच्या बाया काय बोलतात ते साहेबाला सांगायचं. रिटायर होईपर्यंत तेच केलं. पोलिसातल्या केसी पुष्कळ बघितल्या. ही एक डोळ्यासमोरनं हलत नाही.

कुवेतची लढाई होऊन गेलेली. नोकरीचा भरोसा कुणालाच नव्हता. तेव्हा गुदैबियात, आपली माणसं राहतात त्या वस्तीत, कागद फिरायला लागले. छापील, रंगीत. वर नदी, कौलारू घर. खाली लिहिलेलं, ‘भावांनो, परक्याच्या व्हिसावर किती दिवस काढणार? हद्दीवरचं जंगल तोडा. तोडाल तेवढी जमीन तुमची.’ मुलूख लांबचा, कुठल्याशा देशाच्या सरहद्दीवरचा. आधी विमान, मग नदीतनं होडी.

भाजीच्या दुकानात एक बाई माझ्याजवळ आली. तिचा नवरा अस्कर गावच्या कारखान्यात. बोलली, “खाला, ह्यांनी राजीनामा दिला. शुक्रवारचं विमान आहे, पोरांना घेऊन. मी विचारलं, तिथं शाळा आहे का? तर बोलतात, आपण गेलो की होईल.”

मी साहेबाला सांगितलं. लगेच तपास सुरू झाला, आणि कागद वाटताना जैबुन सापडली.

साहेब अरबीत विचारत होते, मी आपल्या भाषेत. कागद कोण देतो? शेठ. शेठ कुठाय? ते नाही सांगणार, बोलली.

“पोरी, बोल. शुक्रवारी लहान पोरं जाणार आहेत.”

“जाऊ दे की! तू पोलिसाचं खातेस, खाला, तुला जमिनीचं काय कळणार? माझा माणूस पयला गेलाय तिथं. एकटा आहे. माणसं वाढली की रस्ता होईल, रस्ता झाला की फोन येईल. शेठ बोललाय तसं.”

“त्याचा आवाज कधी ऐकलास?”

“शेठ निरोप आणतो ना.”

साहेब मला बोलले, मफी फायदा, काही उपयोग नाही, ही बोलणार नाही. मलाही तसंच वाटलं.

दुपारी दुसरीकडनं पत्ता लागला आणि शेठच्या सनाबिसच्या खोलीवर धाड पडली. शेठ निसटलेला. खाटेखाली पार्सलं मिळाली, ती शिपायाने टेबलावर आणून ठेवली. गावी जाणाऱ्याच्या हातात पार्सल द्यायची आपली पद्धत. डबा कापडात गुंडाळायचा, वरनं शिवायचा, म्हणजे वाटेत कुणी उघडत नाही. ही सगळी लाल दोऱ्याने शिवलेली. एकही टाका उसवलेला नाही.

जैबुन उठली. एक पार्सल हातात घेतलं, टाक्यावरनं बोट फिरवलं. आतल्या सुक्या सोड्यांचा वास येत होता.

“हे माझे टाके,” ती बोलली. “तिकडं जो जाईल त्याच्याबरोबर माझ्या माणसाला पाठवायची. वजन होईल म्हणून विमानतळावर शेठ काढून घ्यायचा. बोलायचा, मी कार्गोने टाकतो.”

मग खाली बसली. रडली नाही. “खलास,” बोलली, आणि शेठ मुहर्रकला कुठल्या घरात असेल ते सांगितलं.

शेठ संध्याकाळीच सापडला. अस्करच्या कारखान्यातल्या माणसाचं कुटुंब इथंच राहिलं. आधी गेलेले काही पुढे परत आले. जमीन नाहीच, दुसऱ्याचं जंगल तोडत होते, पासपोर्ट मुकादमाकडे. जैबुनच्या नवऱ्याला होडीत चढताना एकाने बघितलं होतं. पुढचं कुणाला ठाऊक नाही.

खोटं बोलणारा मला हातांवरनं कळायचा. हात स्वस्थ राहत नाहीत. जैबुनचे हात मांडीवर स्वस्थ होते, कारण तिला ते सगळं खरं वाटत होतं. म्हणूनच माणसं तिचं ऐकून गेली. मी त्यानंतर नुसते हात बघायचं सोडलं. तुला कुणी सांगितलं, हे आधी विचारायला लागले.

केस संपल्यावर ती गावी गेली. जाताना एक पार्सल माझ्याकडे ठेवलं, “माझा माणूस आला तर त्याला दे.” ते अजून कपाटात आहे, शिवलेलं तसंच.

तुमच्यापैकी कुणी त्या हद्दीवर राहून आलं असेल, तर आठवून बघा. जैबुनचा नवरा, रत्नागिरीकडचा गवंडी, उंच, डाव्या पायाने जरासा लंगडणारा. बघितला असेल तर गुदैबियात येऊन मला सांगा. जिवंत नसेल तरी सांगा. तिला कळवायचं आहे.