बिनतुपाची बिस्किटं

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना समोरच्याने माझा पांढरा सदरा पार रंगवून टाकला होता.

आमची सुनंदा, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणते की मी दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातल्या अकरा खोट्या असतात. ही मात्र खरी. खोटीच सांगायची तर माणूस स्वतःला इतकं गाढव कशाला करून घेईल?

तेव्हा मोबाइल नुकते लोकांच्या खिशात शिरले होते आणि ईमेल वाचायला आम्ही आमच्या गावाहून, वसईतल्या गिरीजहून, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचो. दिवाळी आठ दिवसांवर आलेली. अशात माझी भाची केतकी परदेशातून आली ती लग्नाचा मुलगा ठरवूनच. मुलगा पुण्याचा, तिच्याच ऑफिसातला. नाव अनिरुद्ध. दिसायला छान, बोलायला गोड. फक्त एकच खोट. वीगन!

"म्हणजे काय आजार आहे का त्याला?" माझी धाकटी बहीण सुलभा, म्हणजे केतकीची आई, हिचा पहिला प्रश्न.

"आई, तो दूध, दही, तूप, अंडं काही खात नाही. प्राण्यांकडून आलेलं काहीच नाही."

"तूप खात नाही? मग पुरणपोळी कशाशी खातो? आणि सणावारी जावयाला मी वाढू काय, गवत?"

मी मध्ये पडलो. मला कोणी बोलावत नाही, मीच पडतो. "सुले, व्रत समज. तू चातुर्मासात कांदा-लसूण सोडतेस ना? त्याने बारमास दूध सोडलंय."

"दादा, चातुर्मास निदान संपतो तरी!"

झालं. सुलभाने निकाल दिला: ज्याला माझ्या घरात एक घास खाता येत नाही, त्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही.

केतकी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मामा, रविवारी तो तुमच्याकडे येतोय. आईपण असेल. त्याला खाता येईल आणि आईला आवडेल असं एक, फक्त एक काहीतरी करा ना!"

आता, मी आयुष्यात कधी चहासुद्धा केलेला नाही. पण भाचीचे डोळे भरलेले बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, बिस्किटं करतो! माझा हात धरणारा नाही कोणी वसईत."

केतकीने पाककृती पाठवली. ओट्स, खोबऱ्याचा कीस, गूळ, खोबरेल तेल, आणि मधल्या खळग्यात फळांचा जाम. खोबरं वाडीतलं, तेल घाण्याचं, जाम सुनंदाने मे महिन्यात केलेला करवंदांचा. राहिले ओट्स. ते तेव्हा किराणा दुकानात कुठले मिळायला? मिळाले औषधाच्या दुकानात! दुकानदाराने डबा पिशवीत घालताना हळूच विचारलं, "नाना, शुगर किती निघाली?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गिरीजला माझी शुगर कळली. तीन जण जांभळाच्या बियांची पूड घेऊन दारात. चौथा तर म्हणाला, "नाना, पायाची काळजी घ्या हो." अरे, माझे पाय ठणठणीत आहेत!

आणि घरात निराळंच. सुनंदा बिस्किटांचं पीठ मळताना मी तिच्यामागे उभा. "तूप नको हं. हात धुतलास? लोण्याचा हात नाही ना? तो चमचा कशाचा आहे?"

"अहो, तुम्हीच करताय ना बिस्किटं? मग करा!" म्हणून तिने परात माझ्या पुढ्यात ढकलली आणि कपाळावर हात मारून ती वाडीत निघून गेली.

मी केली! पेढ्यासारखे गोळे वळले, अंगठ्याने खळगे पाडले, जाम भरला. चोवीस बिस्किटं. भाजायला मात्र घरात भट्टी नाही. दिवाळीच्या आधी आपण सगळे नानकटाईचं पीठ घेऊन जातो, तसा मी बिस्किटं मांडलेला पत्रा घेऊन गेलो बावतीसच्या बेकरीत.

बावतीस माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने पत्र्यात डोकावलं. "नाना, यात तूप किती?"

"नाही."

"अंडं?"

"नाही."

"दूध तरी?"

"नाही रे!"

"मग यात हाय काय?"

"भाचीचं लग्न आहे!" मी ओरडलो. "आणि तुझा तो अंड्याचा ब्रश लांब ठेव. हात धू. परत धू. साबणाने धू."

तीनदा हात धुवायला लावले मी त्याला. शेवटी तो म्हणाला, "नाना, चर्चमधे मिस्साला फादरपण इतका हात धूत नाय." भाजून होईपर्यंत मी भट्टीपुढून हललो नाही. माझ्या अर्ध्या मिशीची नानकटाई झाली असेल, पण बिस्किटांना कोणाचा हात लागू दिला नाही.

गरमागरम पत्रा घेऊन घरी आलो. ताट भरलं, देवासमोर ठेवलं, नैवेद्य दाखवला. पहिल्यांदा केलेली वस्तू देवाआधी पाहुण्याला कशी द्यायची? आणि बरोबर पाच वाजता मंडळी आली.

अनिरुद्धने पहिलं बिस्किट उचललं. सुलभा त्याच्या तोंडाकडे असं बघत होती, जणू डॉक्टरच्या हातातला रिपोर्ट. त्याने एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं!

सुलभाने स्वतः एक चाखलं. "दादा, अरे, चांगली झालीत की! तुपाशिवाय अशी खुसखुशीत होतात?"

केतकीचा चेहरा खुलला. माझी छाती तर भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत फुगली.

चौथं बिस्किट तोंडात घालता घालता अनिरुद्ध थबकला. "मामा, रागावू नका. पण मला आजीच्या वरणभाताची आठवण येतेय. तीन वर्षांत हा वास आला नव्हता. यात साजूक तूप आहे का?"

माझं डोकं फिरलं. "तूप? शक्यच नाही! सुनंदा, तू हात लावलास!"

"मी वाडीत होते."

"मग तो बावतीस! तीनदा हात धुवायला लावले तरी खोडी गेली नाही त्याची. थांबा, आत्ता फोन लावतो."

लावला. "बावत्या, तूप का घातलंस?"

पलीकडून तो इतक्या जोरात बोलला की सगळ्यांना ऐकू गेलं, "नाना, आमच्याकडे डालडा असतो. साजूक तूप परवडलं असतं तर मी बेकरी चालवली असती काय?"

तेवढ्यात केतकीने ताटातलं एक बिस्किट उचललं. जामवर तुळशीचं पान चिकटलेलं. "मामा, हे काय?"

"तुळस! नैवेद्य दाखवला ना मी."

सुनंदा सावकाश म्हणाली, "अहो, नैवेद्य नीट दाखवला ना?"

"म्हणजे काय! मला शिकवतेस? ताटाभोवती पाणी फिरवलं, तुळस ठेवली, आणि अन्नशुद्धीला वरून साजूक... थेंब थेंब... चोवीसच्या चोवीस..."

तिकडे देवघरात तुपाची वाटी माझ्याकडे बघत होती. पन्नास वर्षांची हाताची सवय हो! सगळ्या गावाचे हात धुतले, स्वतःचा तेवढा राहिला.

अनिरुद्धने हातातलं बिस्किट ताटलीत ठेवलं आणि हसून म्हणाला, "असू दे मामा. प्रेमाने केलंत."

आणि सुलभा उसळली! त्याच्यावर नव्हे, माझ्यावर. "दादा, तीन वर्षांचं व्रत मोडलंस पोराचं! आणि बघ, त्याच्या तोंडातून एक वाकडा शब्द नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळेल का? हो बाजूला!"

पदर खोचून ती आत गेली. अर्ध्या तासात तांदळाची भाकरी, सुनंदाने मोड आणून सोलून ठेवलेल्या वालाचं बिरडं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी त्याच्या पुढ्यात. "खा रे बाळा. यात दूध नाही, तूप नाही. आमच्यात रोजच असतं हे."

रोजच असतं! आणि मी तिकडे औषधाच्या दुकानात शुगर विकत घेत बसलो होतो.

लग्न झालं. मांडवाच्या दारातच सुलभाने मला बजावलं, "दादा, वाढप्यांत फिरायचं नाही. फार तर पाणी वाढ." वाढलं मी बिचाऱ्याने.

आता केतकीला दोन मुलं आहेत. जावई अजूनही येतो, पाया पडतो, गोड बोलतो. फक्त मी पाण्याचा पेला पुढे केला की आधी उजेडाला धरून बघतो, वर काही तरंगतंय का.