यातले आजोबा किती?

"यातले आजोबा किती?" सुमनताईंनी टेबलावरच्या हाडांकडे बघत विचारलं. अ‍ॅनाटॉमी शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

परळच्या आमच्या मेडिकल कॉलेजचे संस्थापक दादासाहेब हे त्यांचे आजोबा. भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी कॉलेज काढलं तेव्हा शिकवायला सांगाडासुद्धा नव्हता. "मी गेल्यावर मलाच उभा करा," असं ते सांगून गेले आणि विद्यार्थ्यांनी ते तंतोतंत पाळलं. घरच्यांच्या हाती अस्थी आल्याच नाहीत. सुमनताईंचे वडील शेवटपर्यंत त्याच दुःखात होते. आता ऐंशी ओलांडलेल्या सुमनताई आजोबांना न्यायला गिरगावातून टॅक्सीने आल्या होत्या.

डीनची ना नव्हती. "देऊन टाका हो मॅडम, घरचं माणूस आहे त्यांचं."

अडचण वेगळीच होती. उभा सांगाडा म्हणजे तारेने ओवलेली हाडं. मुलं हाताळतात, हाडं पडतात, फुटतात. मग दुसऱ्या सांगाड्यातलं त्या मापाचं हाड बसवायचं, ही जुनी रीत. मी सगळं टेबलावर उतरवून तपासलं. कवटी चक्क बाईची निघाली. पाय दोन वेगळ्या माणसांचे. परीक्षेला जाताना पोरं त्याच पायांना हात लावत आली होती.

"त्यांचा हात कधी मोडला होता का?"

"डावा. ट्राममधून पडले होते. वाकडाच जुळला, बाबा सांगायचे."

डाव्या रेडियसवर, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर, जुनी गाठ होती. "हे त्यांचं," मी म्हणाले. "बाकीचं छातीठोकपणे नाही सांगता येणार."

त्यांनी ते हाड ओंजळीत घेतलं आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मलाही राहवलं नाही. जरा वेळाने त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "आणि ही कोणाची माणसं?"

"बेवारस असणार. नावं कुठेच नाहीत."

"मग सगळीच द्या. इतकी वर्षं आजोबांबरोबर उभी आहेत, घरचीच झाली की."

डीनची सही घेऊन मी त्यांच्याबरोबर स्मशानात गेले. खिडकीवरच्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "मयताशी नातं?"

"नात."

"कोणाची?"

"सगळ्यांची," सुमनताई म्हणाल्या.

डिपार्टमेंटला आता प्लॅस्टिकचा सांगाडा आलाय. काही तुटलं तर कंपनी नवीन पाठवते, आणि त्याच्यासाठी रडत कोणी येणार नाही. शिकवायला तो फार सोयीचा आहे.