कणगीत ठेवलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "धंदा काय करता?"

मी म्हणालो, "शिंपीकाम."

"मशीन सध्या बंद ठेवा. तुम्हाला टीबी आहे. औषध वर्षभर तरी घ्यावं लागेल."

टीबी म्हणजे क्षय, एवढं मला कळत होतं. पण खरं सांगतो, जिवाची भीती मागाहून वाटली. आधी डोक्यात आलं ते एवढंच, की वर्षभर खायचं काय. ज्यांच्या घरी कमावत्या माणसाला असा आजार होईल, त्यांच्याही डोक्यात हेच आधी येईल. त्याची लाज वाटून घेऊ नये.

आम्ही लोणावळ्याचे. छातीचे रोगी इथे मुद्दाम हवा खायला येतात, बंगले भाड्याने घेतात. त्याच हवेत जन्म काढून मला क्षय झाला, याचं मला त्या खोलीतही हसू आलं आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ आली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती महागाई. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना मोडायची. नवं कापड कुणी शिवत नव्हतं; बापाची विजार आखूड करून पोराला, एवढंच काम. त्यामुळे घर चालत होतं ते शेवंताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या डब्यांवर. एकटे राहणारे रेल्वेचे खलाशी तिच्याकडून जेवणाचे डबे नेत.

सरकारी दवाखान्यात माझी औषधं फुकट मिळाली असती. पण तिथल्या बाकावर सकाळी बसलं की संध्याकाळी बाजारभर बातमी. क्षयाच्या घरचा डबा कोण खाणार? म्हणून आम्ही पुण्याच्या खासगी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे माझं ताट, पेला, अंथरूण वेगळं झालं. स्वयंपाकाच्या बाजूला मी फिरकत नसे. डब्यांत धोका नव्हता, पण हे कुणाकुणाला पटवणार?

औषधं तीन. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, सुरुवातीचे दोन-तीन महिने. आणि दोन जातींच्या गोळ्या, त्यातल्या पी.ए.एस. नावाच्या मूठभर घ्याव्या लागत.

शेवंताचं माहेर बेडसे. शेतकऱ्याचं घर, उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची सवय. तांदूळ, मीठ, मिरची, सगळं पावसाच्या आत घरात. ती म्हणाली, "फुडल्या वर्साला गोळीचा भाव काय आसंल, कुनाला ठावं? आत्ताच वर्साच्या भरून ठिवू."

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. रोज भाव वाढत होते, हातात पैसा टिकत नव्हता. माझ्याकडे दोन मशिनी होत्या. एक विकली, धान्याला ठेवलेले पैसे त्यात घातले आणि पुण्याच्या घाऊक दुकानातून गोळ्यांचे मोठे डबे आणले. डबे होते पत्र्याचे. लोणावळ्याच्या पावसात पत्रा गंजतो, हे तिला माहीत. म्हणून माझ्या दुकानातल्या चिंध्यांच्या पुरचुंड्या करून तिने महिन्यामहिन्याच्या गोळ्या बांधल्या आणि तांदळाच्या कणगीत, कडुलिंबाच्या पाल्याखाली पुरून ठेवल्या. कीड लागू नये म्हणून पाला. वर झाकण घालून ती म्हणाली, "आता वर्साचा घोर मिटला." त्या रात्री आम्ही दोघंही शांत झोपलो.

ताप गेला, वजन वाढलं. इंजेक्शनं संपली. मग श्रावणात एक पुरचुंडी सोडली, तर पी.ए.एस.च्या पांढऱ्या गोळ्या तपकिरी झालेल्या. आम्ही विचार केला, तांदूळ जुना झाला की उलट चांगलाच लागतो. मी त्या घेत राहिलो. अन्न पोटात ठरेना, तोंडाची चव गेली, तेव्हा कुठे आम्ही पुरचुंडी घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी ती नाकाशी नेली. "याला कडुलिंबाचा वास कसा?"

शेवंताने सांगितलं. त्यांनी पुरचुंडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दमट हवेत हे औषध बिघडतं. बिघडलेलं घेणं घातक. सगळ्या फेकून द्या. पण औषध सोडू नका. अर्धवट सोडलंत, तर पुढे जंतू औषधाला दाद देणार नाहीत."

फेकून द्या म्हणणं सोपं. माझं अर्धं दुकान त्या पुरचुंड्यांत होतं.

आता सरकारी दवाखान्याशिवाय मार्ग नव्हता. शेवंता म्हणाली, "खलाशांस्नी दुसऱ्याकडनं कळायच्या आदी मीच सांगते."

मी म्हणालो, "डबे बंद पडले, तर खायचं काय?"

"डबे ग्येले तर दुसरं काम बगीन. तुमी ग्येल्यावर काय बगू?"



सुदुंबऱ्याचे शंकरआबा त्या खलाशांत वडीलधारे. तिने त्यांना आधी सांगितलं. आबा उंबऱ्याशी बसून राहिले. मग विचारलं, "त्येचं ताट येगळं हाय का?"

"व्हय आबा. निजनं बी येगळं."

"मंग माजा डबा ऱ्हाऊ दे."

आबा राहिले, आणखी दोघं-तिघं राहिले. बाकीचे गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. उरलेल्या मशिनीवर शेवंता बसली. मी खाटेवरून सांगायचो, तोंडाला फडकं बांधून. काज वाकडं झालं की मी ओरडायचो आणि ती म्हणायची, "मंग उठा अन् तुमीच करा." हळूहळू बायकांची झंपरं येऊ लागली.

सरकारी दवाखान्यात एका वेळी एकाच महिन्याचं औषध मिळे. मला ते सोयीचं वाटलं, तिला मात्र तो जाच होता. घरात पुढचं काही नाही, म्हणजे तिला पायाखाली जमीन नाही. दर वेळी ती विचारायची, "फुडल्या म्हैन्याला गोळ्या आल्याच न्हाईत तर?" कंपाउंडर दर वेळी तेच सांगायचा, "येतील, मावशी." आणि त्या आल्या. तुमच्या घरी हा आजार आलाच, तर माझं एवढं ऐका: पैसा जपा, पण औषध तिथूनच, सांगतील तसं घ्या. बाकावर कोण बघतंय, ते बघू नका.

शेवटी थुंकीची, म्हणजे स्प्युटमची, तपासणी पुन्हा झाली. नवा एक्स-रे झाला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरे झालात. औषध बंद."

मी हात जोडले. शेवंता उठली नाही. "बाई, येक म्हैन्याच्या जास्तीच्या द्या. घरात आसाव्यात."

"अहो, कशाला? यांना आता काही झालेलं नाही."

"तरी बी."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोकं हलवून नाही म्हटलं. वर्षभरात माझ्यासमोर एकदाही न रडलेली माझी बायको, भरल्या दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडली. मी तिच्याशेजारी त्याच बाकावर बसलो आणि ती थांबेपर्यंत उठलो नाही.