उतारासाठी राखलेली जागा

तिसऱ्या वळणावर गाडी थांबायला हवी तिथे थांबली नाही. दाट धुक्यात टायर ओरडले, खडी उडाल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती तेवढी वर कुठेतरी, न दिसता, संथपणे हवा कापत होती.

मी रेडिओ तोंडाशी धरला. "माने, ठीक आहात ना?"

"मी ठीक हाय म्याडम. गाडी गवतात हाय."

माने आमचे टेस्ट ड्रायव्हर. फौजेत वीस वर्षे डोंगरात ट्रक चालवलेले. साताऱ्याजवळचा, पवनचक्क्यांसाठी बांधलेला हा खासगी घाट आम्हांला त्या सकाळपुरता मिळाला होता. महिन्याभराने मोटारींची रॅली होती, आणि गाडीत होती मी दोन वर्षे घडवलेली यंत्रणा.

ती अशी. एरवी ब्रेक दाबला की गाडीच्या वेगाची, चाकातल्या डिस्कवर घासून, उष्णता होते आणि हवेत विरून जाते. आमच्या मागच्या चाकांना एक मोटर जोडली आहे. ब्रेक दाबला की ती चाकांना मागे ओढते, आणि त्या ओढीतून निघालेली वीज छोट्या बॅटरीत साठते. चढ आला की तीच वीज इंजिनाच्या मदतीला येते. याला आम्ही रिजेन म्हणतो. म्हणजे एकाच पेडलखाली दोन ब्रेक: एक डिस्कचा, एक मोटरचा.

टीमचे मालक पाटील सांगलीचे. चष्म्यावरचे दव पुसत ते म्हणाले, "मॅडम, चाळीस किलोंचं ओझं आहे हे. उतरवून टाका. त्या जागी हळदीचं पोतं ठेवू. वजन तेवढंच, वास तरी बरा."

"थोडा वेळ द्या."

"दुपारपर्यंत. मग गाडी नुसत्या पेट्रोलवर पळेल."

माने गाडी वर घेऊन आले. पँटला ओली कुसळे चिकटली होती. "पाय दाबला तेवढाच, म्याडम. पयल्या दोन वळणांना लोण्यावाणी थांबली. तिसऱ्याला निम्माच ब्रेक. निम्मा कुटं गेला, तुमीच सांगा."

मी लॅपटॉप जोडला. मोटरच्या ब्रेकची निळी रेघ तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी सरळ खाली कोसळली होती. कारण शेजारीच दिसत होते. बॅटरी भरली होती. भरलेल्या बॅटरीत वीज शिरत नाही, आणि वीज शिरली नाही की मोटर ओढत नाही. गाडी निघाली तेव्हाच चार्ज सत्त्याण्णव टक्के होता. टेक्निशियनसाठी मी काढलेल्या सूचनांच्या शीटवर पंचावन्न लिहिले होते.

"बिरूदादा, चार्ज किती ठेवला होता?"

बिरूदादा आमचे सीनियर टेक्निशियन. पन्नाशीचे, जतकडच्या कोरड्या मुलुखातले. "फुल्ल," ते समाधानाने म्हणाले.

"शीट वाचलं नाही?"

"वाचलं की. पर सकाळी वर्कशॉपात लाईट व्हती. लाईट असताना अर्धी कशाला ठेवायची? आमच्याकडं टँकर आल्यावर कोण अर्धी घागर घिऊन घरला जातंय व्हय?"

रागवायला उघडलेले तोंड मी मिटले. जे मिळेल ते काठोकाठ भरून घ्यायचे, हे त्या हातांनी आयुष्यभर केले होते. मी म्हटले, "दादा, ही घागर वर भरून खाली न्यायची नाही. ती उतारावरच भरत जाते. तिथे जागा नसेल तर ब्रेक जातो."

ते गाडीकडे बघत राहिले.

गाडी चढ चढवून बॅटरी थोडी रिकामी करायची, मग पुन्हा तोच उतार, असे मी सुचवले. माने हलले नाहीत. "ब्रेकनं एकदा दगा दिला की त्या गाडीत आपुन बसत न्हाई."

मी हेल्मेट घेतले आणि नॅव्हिगेटरच्या सीटवर जाऊन बसले. "आकडा मी वाचते. साठच्या वर असला तर मोटरच्या ब्रेकवर उतरायचं नाही."

"आन् तरीबी धरला न्हाई तर?"

"तर मीच पाना घेऊन यंत्रणा खोलते."

माने ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. मग पट्टा आवळत म्हणाले, "लय हट्टी हाय तुमी."

मधले उतार मोटरचा ब्रेक बंद ठेवून हळू उतरलो; तिसऱ्या चढाला आकडा बावन्नवर आला. मग उतार. धुके काचेवरून वाहत होते. ओल्या गवताचा आणि तापलेल्या रबराचा वास एकत्र येत होता. पहिल्या वळणावर मोटरचा सूर खाली खाली उतरला, कुणी अंगाईची शेवटची ओळ म्हणावी तसा. पट्टा गळ्याच्या हाडावर रुतला. दुसरे वळण. आकडा वाचायचे मी विसरून गेले होते. तिसरे वळण धुक्यातून आले, मानेंनी पाय दाबला, आणि सगळा डोंगर सावकाश, अलगद मंदावला.

वळण सुटल्यावर मानेंनी श्वास सोडला. "आता धरतुया."

यंत्रणा गाडीत राहिली. पाटलांनी एवढेच विचारले, "पुन्हा फुल्ल भरली तर?" दुसऱ्याच दिवशी मी सॉफ्टवेअर बदलले. आता मोटर ब्रेक एकदम सोडत नाही. बॅटरी भरत आली की हळूहळू सोडते. मानेंच्या खात्रीसाठी डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा बसवला. बॅटरीत जागा असेल तरच तो लागतो. रॅलीत आमचा नंबर मध्यावर कुठेतरी आला. ब्रेक मात्र शेवटपर्यंत टिकले.

खरी चूक माझ्या शीटमध्ये होती. मी आकडा लिहिला होता, कारण लिहिले नव्हते. नव्या शीटवर प्रत्येक आकड्यापुढे 'का' असा एक रकाना आहे. बिरूदादांनी ते उभ्या उभ्या, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचले.

"हां," ते म्हणाले. "आता सांगितल्यावाणी झालं. आदी नुसता हुकूम व्हता."