व्याह्यांची शिकवणी

आमच्या व्याह्यांसारखा मास्तर माणूस साऱ्या पृथ्वीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला हॉलंडमधल्या आमच्या झूटरमेरचं तिकीट काढून देऊ नका. निवृत्त मुख्याध्यापक. तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे, म्हणजे आमच्या सुनेकडे आले, ते खिशाला लाल पेन लावूनच. दिसेल त्याला दहापैकी गुण. सुनेच्या आमटीला साडेसहा, सुपरमार्केटच्या टोमॅटोला चार, शेजारच्या डच बाईंच्या कुंड्यांना नऊ. माझ्या चहाला म्हणाले, "प्रयत्न चांगला." मी चौथीत शाळा सोडलेला गवंडी, पण घर माझ्या लेकाचं. मला प्रयत्न चांगला म्हणणारे हे कोण? ट्राममध्ये कुणी मोठ्यानं बोललं, की हे मागे वळून असे बघत की ते गोरं पोर आपसूक फोन बंद करी.

तेही चालवून घेतलं असतं. पण आमची नात शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि इथं हुशार पोरांना शाळेत असतानाच विद्यापीठाचा एखादा विषय घेता येतो. पास झालं की त्याचे पॉइंट जमा, पुढे तिथं गेल्यावर तो विषय पुन्हा नको. हिनं घेतला बांधांचा विषय. समुद्राच्या खालची ही जमीन कोरडी कशी राहते, पाणी भिंतीला कसं ढकलतं. जन्मभर भिंती बांधल्या मी, आणि पोरगी वही घेऊन बसायची तिच्या नानांजवळ, म्हणजे ह्याच व्याह्यांजवळ! जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचो.

नाना शिकवायचे ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि शुद्ध मराठीत. "पाणी जितकं खोल, तितका दाब जास्त! म्हणून बांध खाली रुंद!" मिरवतोय म्हातारा, मी म्हणायचो. पण भांडी खाली ठेवायचो. गावाकडे बांध घातला तेव्हा खाली रुंद मीही ठेवला होता, का ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा नात वैतागली. "नाना, आय नो दिस ऑलरेडी! ओरडू नका ना!"

"तुला कोण सांगतंय?" नाना म्हणाले. "आत आबा आहेत. इथं येऊन बसा म्हटलं तर बसायचे नाहीत ते."

मधे चार पावलांचं अंतर. मी आतूनच ओरडलो, "मला काही ऐकू येत नाही!"

"बरं," म्हणाले, आणि आवाज आणखी चढवला.

शाळेचा निकाल लागायच्या आधीच नातीला पॉइंट मिळाले. व्हिसा संपला तसे नाना पुण्याला परतले. बांधाखालून झिरपणाऱ्या पाण्याचा धडा तेवढा राहिला. नातीला विचारलं तर ती इंग्रजीत भरभर सांगते आणि सायकल काढते.

रविवारी नानांचा फोन येतो. "काय म्हणता व्याही?"

"मजेत."

मग त्या झिरपणाऱ्या पाण्याचं मी विचारीन म्हणून ते थांबलेले असतात, मला ठाऊक आहे.

"आज ऊन पडलंय इथं," म्हणतो, आणि फोन सुनेकडे देतो.