पोळ्याचा पगार आणि धरणाचं पाणी

बुलढाण्याच्या ज्या कचेरीत मी नोकरीला लागले, तिथे सगळ्या इमारतीत मिळून कॉम्प्युटर एकच होता आणि तो सांभाळणं हे माझं काम. काचेच्या थंड खोलीत तो बसलेला असे आणि त्याच्यापासून निघालेल्या तारा भिंतींतून वेगवेगळ्या शाखांत गेलेल्या असत. प्रत्येक शाखेत एक पडदा आणि एक कीबोर्ड. पगारवाले, शिक्षणवाले, पाटबंधारेवाले असे सगळे एकाच वेळी त्याच यंत्रावर काम करायचे आणि यंत्र फक्त आपलंच आहे असं प्रत्येकाला वाटायचं.

काम लांबणारं असलं की ते 'मागे' टाकायची सोय होती. आज्ञेच्या शेवटी एक खूण ठोकली की प्रोग्राम पडद्यावरून नाहीसा व्हायचा आणि आतल्या आत चालत राहायचा. माणूस चहाला मोकळा. पण नजरेआड गेलेला प्रोग्राम लोक विसरून जात. मग यंत्र मंदावलं की माझ्या नावानं ओरड सुरू होई. कुणाचं काय मागे चालू आहे त्याची यादी मला दिसायची आणि त्यातलं कुणाचंही काम बंद पाडणारा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. हे फार मोठं हत्यार आहे, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणून मीच नियम घालून घेतला होता: ज्याचा प्रोग्राम त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

ती दुपार श्रावण सरता सरताची. पोळा तोंडावर आला होता आणि पाऊस दोन दिवस हटला नव्हता. पाटबंधारे शाखेतले तरुण इंजिनीअर साहेब भिजलेल्या पँटनंच माझ्या खोलीत आले. ते दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, बोलणं एरवी हळू आणि मोजकं.

"यंत्राला काय झालंय? माझा प्रोग्राम सकाळपासून पुढे सरकत नाहीये."

डोंगरापलीकडे मोताळ्याच्या बाजूला एक मातीचं धरण होतं. ते भरत आलं होतं. वरून किती पाणी येतंय त्यावरून दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे, याचा हिशेब साहेबांचा प्रोग्राम करायचा. उशीर झाला तर पाणी मातीच्या भिंतीवरून वाहायचं, आणि मातीच्या धरणावरून पाणी गेलं की धरण राहत नाही. घाई करून एकदम जास्त सोडलं तर खालच्या नदीकाठच्या वस्त्या बुडायच्या. शेजारच्या खोलीतून बिनतारी यंत्राची खरखर ऐकू येत होती. धरणावरचा माणूस पाण्याची पातळी सांगत होता, आणि दर वेळी ती आधीपेक्षा जास्त होती.

मी यादी काढली. शिक्षण शाखेचा एक विसरलेला प्रोग्राम फिरत होता. तिथल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगंबाई, तो चालूच आहे का? टाक बंद करून." बंद केला. फरक पडला नाही. यंत्राचा खरा घास घेत होता तो पगार शाखेचा प्रोग्राम. आदल्या दिवसापासून मागे चालू होता. सगळ्या तालुक्यांतल्या कर्मचाऱ्यांची पगारपत्रकं एकत्र लावत होता, आणि मध्येच तोडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागणार होता. त्या वर्षी पोळ्याच्या आधी पगार द्यायचा असं वरून ठरलं होतं. घरोघर बैलांचा साज, पुरणाचं सामान, लेकीबाळींचं येणं त्यावर अडलेलं.

त्याला मी सगळ्यांत खालच्या पायरीवर ढकललं, म्हणजे दुसऱ्यांची कामं आधी आणि त्याचं नंतर. थोडा वेळ बरं वाटलं. पण यंत्राची मेमरीच तोकडी. दोन्ही कामं एकदम आत मावत नव्हती, एकाला बाहेर काढायचं आणि दुसऱ्याला आत घ्यायचं यातच त्याचा जीव चालला होता. डिस्कचा कडकड आवाज थांबेना.

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. "तुमच्याकडे पासवर्ड आहे ना? मग बंद करा तो."

"पगार शाखेतल्या भाऊंना विचारते आधी."

"विचारायची ही वेळ आहे का?"

"पाच मिनिटं द्या, साहेब."

बोट कीबोर्डवरच होतं. प्रोग्रामचा क्रमांक समोर दिसत होता. एवढंच टाइप करायचं होतं.

भाऊ देऊळघाटचे. केस पांढरे, घरची शेती, खुंट्यावर एक बैलजोडी. कॉम्प्युटर आला तेव्हा शाखेतले बाकीचे पळाले आणि ते एकटे नेटानं शिकले. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले तेव्हा ते डबा उघडत होते.

"भाऊ, तुमचा पगाराचा प्रोग्राम बंद करा लागते."

त्यांनी झाकण तसंच ठेवलं. "काऊन?"

"धरणाचा हिशेब अडकला. यंत्रात दोन्ही मावून नाही राह्यले."

"ताई, कालपासून चालून राह्यला तो. आता तोडला तं पोळ्याआधी पगार होत नाई. लोकं मले फाडून खातीन. पाह्य, शिपायापासून हेडमास्तरापर्यंत सगळे माह्याच तोंडाकडे पाहून राह्यले."

"मले माहीत आहे भाऊ."

"मंग त्या साहेबाले म्हणा, कागदावर कर हिशेब. धरणं काय कॉम्प्युटरच्या आधी नव्हती?"

साहेब माझ्यामागून आले होते. ते चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी हातानं थांबवलं. आजवर मी कधी कुठल्या साहेबाला असं अडवलं नव्हतं. साहेब राग गिळून म्हणाले, "कागदावर सुरू आहेच. दोघं जण बसलेत. पण जुन्या तक्त्यात एवढ्या पाण्याचे आकडेच नाहीत, भाऊ. आमच्या हातून चूक झाली तर पडताळायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

बाहेर पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. शाखेतले सगळे काम सोडून आमच्याकडे बघत होते आणि त्यांच्यातही दोन बाजू पडल्या होत्या, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. कुणीतरी मागून पुटपुटलं, "पगार लांबला तं पाह्यजा मंग."

मी म्हटलं, "भाऊ, मी माझ्या पासवर्डनं बंद करू शकते. पण तुमचं काम आहे. तुम्ही नाही म्हणाल तर मी मोठ्या साहेबांकडे जाते, त्यांचा हुकूम घेते. गुपचूप नाही करणार."

"मोठे साहेब मीटिंगले चिखलीले गेले."

"हो."

म्हणजे हुकूम मिळायला संध्याकाळ झाली असती. तेवढ्यात बिनतारीच्या खोलीतला माणूस दारात आला आणि नवी पातळी सांगून गेला. आकडा ऐकून साहेबांनी डोळे मिटले. भाऊंनी ते पाहिलं. डबा बाजूला सारून त्यांनी कीबोर्ड ओढला आणि मला विचारलं, "नंबर काय हाये त्याचा?"

मी सांगितला. एक एक अक्षर शोधत त्यांनी आज्ञा टाइप केली. शेवटची कळ दाबण्याआधी हात थबकला. मला वाटलं, मागे घेतात. मग त्यांनी दाबली. डिस्कची कडकड काचेआड बंद झाली ती आम्हाला त्या शाखेत ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मला ती थांबल्यासारखी वाटली.

साहेबांचे आकडे तासाभरात आले. दरवाजे थोडे थोडे उघडायला सुरुवात झाली आणि जीप खालच्या गावांत दवंडी द्यायला गेली. पाणी नदीकाठच्या वावरांत शिरलं, दोन गोठे पडले, माणूस एकही गेला नाही. अंधार पडताना कागदावरचा हिशेबही पुरा झाला. तो यंत्राच्या हिशेबाच्या जवळपासच होता. मग आमच्या घाईनं काही वाचलं की नाही? साहेबांना मी हे विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कागदावरचं बरोबर येईल हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं ना."

पगार पोळ्यानंतर झाला. कचेरीत आणि शाळाशाळांत बोंब उठली. धरणाचं कुणी नाव काढलं नाही, कारण धरण फुटलं नव्हतं. एक शिक्षक पुढारी पगार शाखेत येऊन टेबलावर हात आपटत म्हणाले, "कोनं बंद केला प्रोग्राम? त्या कॉम्प्युटरवाल्या बाईनं ना?"

मी दारातच होते. मी बोलायच्या आत भाऊ उठले.

"म्या बंद केला. माह्या हातानं. काय म्हणणं हाये?"

पुढारी बराच वेळ बोलत राहिले. भाऊ उभ्यानंच ऐकत राहिले. पुढारी गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "बस ताई. हा पगाराचा प्रोग्राम तालुक्या-तालुक्यानं तोडता येते का, पाह्य. म्हणजे मधात थांबवला तरी झालेला तालुका हातात राहीन."

आम्ही बसलो. मोताळा तालुक्यापासून सुरुवात केली.