होल्ड

मुकादमाचा आवाज म्हणजे धक्क्यावरचा दुसरा भोंगा. त्याने 'हबेस' म्हटलं की क्रेन माल उचलायची, 'आर्या' म्हटलं की खाली सोडायची. हे शब्द कुठल्या देशाचे, कुणाला ठाऊक? जुन्या जहाजांवरून उतरले आणि इथलेच झाले. नाना मुलखांच्या खलाशांचं त्यावर झकास भागायचं.

मग धक्का नव्या कंपनीने घेतला. क्रेनवाले परमुलखातून आले, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. साहेबाने फर्मान काढलं, वॉकीटॉकीवर फक्त इंग्रजी. जगातल्या सगळ्या बंदरांत हेच चालतं म्हणे. जुना शब्द तोंडातून निघाला तर घरी बसायचं. मुकादमाला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण पोटासाठी त्याने ते गिळलं.

बायको लसूण सोलता सोलता त्याची उजळणी घ्यायची.

"लोअर?"

"सोड."

"होल्ड?"

"थांब."

धाकटा भाऊ हसून लोळायचा. तो जहाजाच्या पोटातल्या खोल खणात माल रचायचा. "दादा, आमच्या खणालाही साहेब होल्डच म्हणतो की!"

"गप रे. एका शब्दाचे दोन अर्थ करायला ते काय वेडे आहेत?"

तिघंही हसली होती. आता ते हसणं आठवलं की बायको लसूण तसाच टाकून उठते.

त्या सकाळी क्रेनवर नवाच माणूस होता. लोखंडी नळ्यांचा जुडगा खणाच्या तोंडावर लोंबत होता, आणि खाली धाकट्याचा पाय दोन पेट्यांच्या फटीत अडकला. "दादा, थांबव!" तो ओरडला.

"होल्ड!" मुकादम वॉकीटॉकीत म्हणाला.

"होल्ड, येस." वरच्या काचेच्या खोलीतून खणाचा तळ दिसत नव्हता. जुडगा खाली निघाला.

"होल्ड! होल्ड!"

माल खणात सोडायची हा घाई करतोय, असं त्या बिचाऱ्या क्रेनवाल्याला वाटलं. मुकादम जितका ओरडला, तितका जुडगा वेगाने उतरला. धाकटा वर बघत दोन्ही हातांनी पाय ओढत होता. शेवटी मुकादमाच्या तोंडून जुनाच शब्द फुटला, "हबेस! अरे, हबेस!"

वॉकीटॉकी जरा खरखरली. मग अगदी अदबीने उत्तर आलं, "रिपीट, प्लीज."

धाकट्याच्या मरणाच्या चौकशीत मुकादम आणि क्रेनवाला, दोघांवरही ठपका आला नाही. दोघंही नेमून दिलेलं इंग्रजीच बोलले होते, असं साहेबाने सांगितलं. मुकादम आजही धक्क्यावर जातो. आता तिथे 'स्टॉप' म्हणायचं ठरलंय. त्याचा आवाज मात्र पार बसलाय.

धाकट्याच्या बायकोने त्याला एकदाच विचारलं, "भावोजी, तुम्ही थांब म्हणाला होतात ना?"

"हो गं," तो म्हणाला. "तेच म्हणत होतो."